आठवं सर्टिफिकेट

“मुद्दलापैकी यंदा फेडलेले, रुपये नव्वद हजार फक्त,” शांतवन म्हणाला. मी लिहिलं.

“बाकी मुद्दल, एक लाख ऐंशी हजार.”

तेही लिहिलं.

“आणि यंदाचं व्याज चोवीस हजार तीनशे. आकड्यात लिही आणि अक्षरातही लिही, ताई. मागच्या वेळी अक्षरात राहिलं, तर अकाउंट्सच्या माणसानं कागद परत पाठवला होता.”

शांतवन माझा धाकटा भाऊ. चिंचवडच्या त्याच्या फ्लॅटमध्ये जेवणाच्या टेबलाशी आम्ही दोघं बसलो होतो. दोन हजार अकराचा मार्च, रविवार. चर्चहून येऊन त्यानं शर्ट काढून ठेवला होता आणि मी चष्मा पुसून कामाला लागले होते. हा फ्लॅट घेताना बँकेनं कर्जाला हात वर केले, तेव्हा मी नुकतीच रिटायर झाले होते. एकतीस वर्षं मिरजेच्या इस्पितळात नर्स म्हणून काढली, त्याचे जे फंडाचे आणि ग्रॅच्युइटीचे पैसे आले, त्यातले नऊ लाख मी त्याला नऊ टक्क्यांनी दिले. शंभराच्या स्टँप पेपरवर रीतसर लिहून दिले, कारण त्याला घरकर्जाच्या व्याजावरची करसवलत हवी होती. कर्ज बँकेचं असलं की सर्टिफिकेट बँक देते. बहिणीचं असलं की बहिणीनं द्यायचं. म्हणून दर मार्चला मी चार दिवस चिंचवडला बँक व्हायला यायचे.

टाइप करून का आणत नाहीस, असं मी पहिल्या वर्षी विचारलं होतं. “हातानं लिहिलेलं खरं वाटतं,” तो म्हणाला. “आणि तुझं अक्षर बघून कोण शंका घेईल?” माझं अक्षर खरंच चांगलं आहे. त्या कौतुकानं मी तेव्हा फुगले होते, हे कबूल करते.

आता त्या कागदाची खरी गोष्ट. पहिले सहा महिने शांतवननं व्याज पाठवलं. मग त्याच्या बायकोचं, निर्मलाचं, ऑपरेशन निघालं. मग मुलीची, रेणूची, फी निघाली. मग काहीच निघालं नाही, तरी पैसे आले नाहीत. मुद्दलातला तर एक रुपया कधी माझ्या हाताला लागला नाही. पण सर्टिफिकेटवर दरवर्षी नव्वद हजार फिटत होते. “ऑफिसात विचारतात, ताई. वर्षानुवर्षं मुद्दल तसंच दिसलं तर कर्ज बोगस वाटतं. कागदावर कमी दाखव. आपल्यातलं आपल्याला ठाऊक आहे ना?” आपल्यातलं आपल्याला ठाऊक होतं, म्हणून मी दाखवत गेले. बरं, त्याच्या फॉर्मवर माझा पॅन नंबर जायचा, त्यामुळे ते व्याज मलाही माझ्या उत्पन्नात दाखवावं लागे. एका वर्षी मी चार हजार रुपये कर भरला. न मिळालेल्या पैशांवर कर भरणारी मिरजेत मी एकटीच असेन.

वॉर्डात असताना ह्याच मी शिकाऊ मुलींना रडवलेलं आहे. गोळी दिली नसेल तर चार्टवर सही करायची नाही. पेशंट झोपला होता, नंतर देणार होते, ही कारणं मला सांगायची नाहीत. एका मुलीला मी अशा एका सहीसाठी महिनाभर ड्यूटीवरून काढलं होतं. आणि इथे भावाच्या टेबलाशी बसून मी आठ वर्षं न दिलेल्या गोळ्यांवर सह्या करत होते.

का करत होते? तिसऱ्याच वर्षी मला कळून चुकलं होतं की हा काही देत नाही. तरी मी आले. मी लग्न केलं नाही. आईवडील गेलेले. वर्षात एकदा कुणीतरी स्टेशनवर घ्यायला येतं, माझी बॅग उचलतं, माझ्यासाठी म्हणून मटण आणतं. त्या चार दिवसांसाठी मी सही करत होते. लाज वाटते सांगायला, पण तेच खरं आहे.

त्या वर्षी मात्र मी वेगळ्या कामासाठी आले होते. मिरजेत ज्या घरात मी भाड्यानं राहायचे ते दुसऱ्या मजल्यावर होतं, माझे गुडघे गेलेले होते, आणि मालकाला जागा मुलासाठी हवी होती. एप्रिलअखेर खाली करा, म्हणाला. चर्चच्या मागच्या गल्लीत तळमजल्यावर दोन खोल्यांची जागा विकायला होती. अकरा लाख. माझ्याकडे चार होते. पन्नास हजार बयाणा देऊन मी जागा धरून ठेवली होती. बाकीचे सात शांतवनकडून घ्यायचे, वरचे दोन त्याला सोडायचे, असा हिशेब मनाशी करून मी गाडीत बसले होते. सहासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा माझ्या नावाचं दार होणार होतं. दाराला कुठला रंग द्यायचा तेही मी ठरवून टाकलं होतं.

सहीची जागा आली तसं मी पेन खाली ठेवलं.

“शांतवन, मला पैसे हवेत.”

“किती?” त्यानं खिशाकडे हात नेला. त्याला वाटलं, रिक्षाचे.

“सात लाख.”

तो हसला. मी हसले नाही, तेव्हा त्यानं स्वयंपाकघराकडे पाहिलं. आत निर्मला वाटण करत होती, मिक्सर चालू होता.

“हळू बोल.”

“हळूच बोलतेय. जागा बघितलीय मी. बयाणा दिलाय. एप्रिलअखेर पैसे द्यायचेत.”

“ताई, असं अचानक...”

“आठ वर्षं झाली. ह्यात अचानक काय आहे?”

मिक्सर थांबला. शांतवन उठला, खुंटीवरचा शर्ट अंगात चढवला. “मटण आणायचं राहिलंय. उशीर झाला तर चांगलं मिळत नाही. आलोच. मग बोलू सावकाश.” आणि तो पिशवी घेऊन गेलासुद्धा. लहानपणीही वडील अंकगणिताची वही मागायला लागले की ह्याला तहान लागायची.

निर्मला बाहेर आली. तिच्याबद्दल आधी सांगते. ती एका बालवाडीत शिकवायची. माझ्याशी ती मोजून बोलायची. चहा द्यायची, पाणी तापवायची, पण समोर बसून कधी दोन शब्द नाहीत. चर्चमध्ये माझ्या शेजारी न बसता रेणूला मध्ये बसवायची. मला वाटे, नणंद दर वर्षी येऊन चार दिवस ठाण मांडते ते हिला खपत नाही. मीही मग तिच्या आमटीत मीठ कमी आहे का, हे बघत बसे. आमचं असं चाललेलं होतं.

त्या दिवशी मात्र ती हात पुसत समोरच्या खुर्चीत बसली आणि तिनं तो अर्धवट कागद स्वतःकडे ओढला.

“एक लाख ऐंशी हजार,” ती म्हणाली. “म्हणजे अजून दोन वर्षं.”

“कसली दोन वर्षं?”

“ताई, मी कधी तोंड उघडलं नाही. पण आज विचारते. ह्या वर्षी संपवता येणार नाही का?”

“काय संपवायचं, निर्मला?”

ती उठली. कपाटातून प्लास्टिकची एक फाइल आणून तिनं माझ्यापुढे ठेवली. तिच्यात माझ्या सात सर्टिफिकेटांच्या झेरॉक्स होत्या, वर्षवार लावलेल्या. प्रत्येकीवर तिनं तारीख घालून बारीक सही केली होती. एखाद्या बाईनं दुधाचं कार्ड सांभाळावं तशा तिनं त्या सांभाळल्या होत्या.

“महिन्याला सात हजार,” ती म्हणाली. “बालवाडीत मला आठ मिळतात. त्यातले सात पहिल्या तारखेला ह्यांच्या हातात. ताईचा हप्ता. आठ वर्षं. रेणूला इंजिनिअरिंगची पेमेंट सीट मिळत होती, ठाऊक आहे तुम्हाला? नाही घेतली. डिप्लोमाला घातली. हे म्हणाले, ताईचे पैसे आधी, ती एकटी बाई आहे, तिचा शब्द मोडता येत नाही.”

मला पहिल्यांदा काही कळलंच नाही. मग कळलं.

“निर्मला,” मी म्हणाले, “मला पैसे मिळालेले नाहीत.”

“यंदाचे ना? यंदाचे आज देणार म्हणाले होते.”

“कधीचेच नाहीत. पहिले सहा महिने व्याज आलं, तेवढंच. हे सगळं...” मी फाइलवर हात ठेवला, “हे त्याच्या ऑफिससाठी लिहिलेलं आहे. तो सांगायचा तसं.”

ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत मला राग दिसला असता तर बरं वाटलं असतं. तिथे फक्त कंटाळा होता.

“हे तुमचंच अक्षर आहे ना, ताई?”

“हो.”

“खाली सही तुमची?”

“माझीच. पण...”

“‘रोख मिळाले’ असं लिहिलंय. प्रत्येक कागदावर.”

“माझं पासबुक बघ हवं तर. मिरजेला चल माझ्याबरोबर. त्या सहा महिन्यांनंतर एक पैसा जमा नाही.”

“रोख पासबुकात कसं दिसेल? ते हातातच देतात ना तुमच्या. म्हणून तर तुम्ही दर मार्चला येता.”

 आठ वर्षं मी ज्याला माहेरपण समजत होते, ती ह्या घरात वसुली होती. मी आले की ही मनात हप्ते मोजत असणार. आणि मी हिच्या आमटीतलं मीठ बघत होते.

दार उघडून शांतवन आत आला. टेबलावरची फाइल बघितली आणि तिथेच थांबला.

“हे बघा,” निर्मला त्याला म्हणाली, “ताई म्हणतात, त्यांना काहीच मिळालं नाही. आठ वर्षांत काही नाही.”

मी त्याच्याकडे पाहिलं. मला अजूनही वाटत होतं की तो खाली बसेल, तोंडावर हात घेईल आणि सांगून टाकेल. त्याला मी खांद्यावर घेऊन फिरवलेलं आहे. गोवर झाला होता तेव्हा मी त्याच्या उशाशी नऊ रात्री बसले होते. त्याचं तोंड कसं होतं ते मला आज बारा वर्षांनीही आठवतं. तो खूप दमलेला दिसत होता.

“ताईचं वय झालंय, निर्मला,” तो हळूच म्हणाला. “हल्ली विसरते ती. मोतीबिंदूच्या वेळेलाही नाही का, चष्मा डोळ्यावर आणि घरभर शोधत होती. तिला नको बोलूस काही.”

किती मायेनं बोलला! वॉर्डात पेशंटच्या उशाशीही माणूस एवढ्या मऊ आवाजात बोलत नाही.

“विसरतात?” निर्मला म्हणाली. “का दोनदा घ्यायचेत?”

“निर्मला!” तो ओरडला. माझ्या बाजूनं ओरडला.

ती त्याच्या हातातली पिशवी न घेताच आत गेली. आत भांडी आपटल्याचा आवाज आला. शांतवन माझ्या शेजारी बसला आणि कुजबुजू लागला.

“ताई, माफ कर. शेअरमध्ये घातले होते गं. दर महिन्याला. दुप्पट करून तुझे एकरकमी देणार होतो, देवाशपथ. दोन हजार आठला सगळं खाली आलं. आता ते भरून काढतोय. अजून दोन वर्षं दे. दोन वर्षांत थोडं तरी उभं राहील. तिला कळलं तर ती रेणूला घेऊन जाईल. तुला काय, तू एकटी. कुठेही राहशील.”

शेवटचं वाक्य तो काही वाईट हेतूनं बोलला नाही. हेच तर झोंबलं. त्याला मनापासून वाटत होतं की एकट्या बाईला भिंती लागत नाहीत.

“आणि ही दोन वर्षं पैसे कोण देणार?” मी विचारलं.

 त्यानं स्वयंपाकघराकडे पाहिलं, मघासारखंच.

मी तो कागद पुढे ओढला. त्याला वाटलं, मी सही करतेय. त्यानं पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं. मी मात्र कागद फाडला. त्याच्या लेटरपॅडचं नवं पान घेतलं आणि पहिल्यापासून लिहायला बसले. नाव, पत्ता, पॅन नंबर, कर्जाची तारीख, मूळ रक्कम नऊ लाख. मुद्दल पूर्ण फिटले. व्याज पूर्ण मिळाले. ह्या कर्जापोटी श्री. शांतवन योहान सोनवणे यांच्याकडून किंवा त्यांच्या कुटुंबीयांकडून मला काही येणे नाही व पुढेही मागणार नाही. आकड्यात लिहिलं, अक्षरातही लिहिलं.

 चर्चमागच्या त्या दोन खोल्यांचं काय होणार, ते मला स्पष्ट कळत होतं. झालंही तसंच. बयाणा बुडाला, आणि मी वृद्ध स्त्रियांच्या आश्रमात आले. इथे एका खोलीत आम्ही चौघी आहोत. माझा पलंग खिडकीजवळचा आहे, म्हणून बाकीच्या तिघी अधूनमधून माझ्याशी भांडतात.

“ताई, हे काय?” शांतवननं वाचलं आणि तो पांढरा पडला. “एकदम शून्य कसं दाखवणार? ऑफिसात—”

“ऑफिसात दाखव नाहीतर नको दाखवू. हा कागद ऑफिससाठी नाही.”

त्यानं कागदाला हात घातला. मी सोडला नाही. वॉर्डात दंगा करणाऱ्या पेशंटांकडून मी सलाइनच्या बाटल्या सोडवून घेतलेल्या आहेत. हा तर छप्पन्न वर्षांचा माझा भाऊ होता.

“फाडलास तर दुसरा लिहीन,” मी म्हणाले. “पोस्टानं तिच्या बालवाडीत पाठवीन.”

त्यानं हात काढून घेतला.

मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेले. निर्मला पाठमोरी उभी होती. ओट्यावर कांदा अर्धा चिरून पडला होता.

“निर्मला, हे घे. संपलं. येत्या पहिल्या तारखेपासून माझ्या नावानं कुणालाही एक पैसा द्यायचा नाहीस. कुणालाही म्हणजे कुणालाही. तुझा पगार तुझ्या खात्यात ठेव.”

तिनं पदराला हात पुसून कागद घेतला. दोनदा वाचला. बोट ठेवून अक्षरातली रक्कम वाचली. मला वाटलं, आता तरी तिला काही शंका येईल. एवढी रक्कम कोणी उभ्या उभ्या सोडत नाही, हे तिच्यासारख्या हिशेबी बाईच्या लक्षात येईल. ती माझ्या मागे उभ्या शांतवनकडे एकदा बघेल. खरं सांगते, तेवढ्यासाठी मी श्वास धरून उभी होते.

तिनं मान वर केली ती माझ्याचकडे बघायला.

“तासापूर्वी एक लाख ऐंशी हजार बाकी होते,” ती म्हणाली. “आणि आता काहीच नाही. म्हणजे मी विचारलं नसतं, तर अजून दोन वर्षं तुम्ही घेतलेच असते ना, ताई?”

मागे शांतवनचा श्वास ऐकू येत होता. मी ‘नाही’ म्हटलं असतं तर सगळं पुन्हा पहिल्यापासून सुरू झालं असतं. मग कागद कुणाचा खरा, माणूस कोण खरा, आणि पहिली तारीख तर पाच दिवसांवर आलेली.

“हो,” मी म्हणाले. “घेतले असते.”

तिनं कागदाची घडी घातली आणि पुन्हा कांदा चिरायला घेतला. मी बाहेर येऊन बॅग भरली. जेवून जा, असं त्या घरात मला कुणी म्हणालं नाही.